फॉर्म सीवर मालकाची सही कुठे असते?

महोदय,

सोमवारच्या अंकात एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र वाचलं. शाळेत 'तसलं' शिकवलं की पोरी बिघडतात म्हणे. असो, वयाचा मान ठेवून सोडून देते. पण नवऱ्याच्या संमतीवाचून गर्भपात हा गुन्हा, असं त्यांनी ठोकून दिलं आणि आपणही ते छापलंत! 1971 च्या कायद्यापासून सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. फॉर्म सी म्हणजे गर्भपाताच्या संमतीचा कागद, त्यावर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. सरांनी तो पाहिला नसेल, माझी सगळी नोकरी असल्याच कामात गेली.

2014 चा हंगाम. माझ्या उपकेंद्राच्या गावची एक बाई, तीन लेकरांची आई, ऊसतोडीच्या फडातून एकटीच परत आली. दहावा आठवडा. तिला तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. "मालकाला घेऊन ये," एवढंच उत्तर. मालक कर्नाटकात कारखान्यावर. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता, बायको परतल्यामुळे आधीच अर्धा, वर सुट्टीच्या खाड्याचा दंड कोण भरणार? मुकादमाच्या फोनवर निरोप देऊन देऊन तो आला तेव्हा चौदावा लागला होता. आता म्हणे बारा उलटले, इथं होत नाही. मी कायदा काढला तर, "सिस्टर, बीड जिल्ह्यात नोकरी करता ना?"

गर्भपात म्हटलं की लिंगनिदानाचा संशय येईल, ही एक भीती बसलीय. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे आपल्या बीड जिल्ह्यात 807 मुली निघाल्या, धाडी पडल्या, ते योग्यच झालं. पण लिंगनिदानाचा कायदा 1994 चा, तो वेगळा. गर्भपाताचा वेगळा. डॉक्टरच गल्लत करतात तिथे सरांना काय बोलणार?

बाईला चौथं झालं. पुढे दोन वर्षांत तिने गर्भपिशवीच काढून टाकली, तिशीही गाठली नव्हती. तेव्हा मात्र "मालकाला घेऊन ये" असं कुणी म्हटलं नाही.

आणि शिकवण्याचं म्हणाल तर माझ्या लेकीला दहावीत प्रजननाचा धडा "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला होता. तिने विचारलं मला. सगळ्यांच्या आया नर्स नसतात.

जाता जाता : सरांच्या पत्राच्या मागच्याच पानावर 'हमखास पुत्रप्राप्ती'ची पाव पान जाहिरात आहे. आमच्या मुक्कामी एसटीबद्दलचं माझं मागचं पत्र आपण जागेअभावी निम्मं कापलं होतंत.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. केज, जि. बीड