साइनमधल्या मुक्या जी साठी थँक्यू, ताई

ताई,

फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण ते काही पुरलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, इंग्रजी स्पेलिंगला वैतागलेले अजून कितीतरी जण असतील, त्यांनाही तुमची पद्धत कळू दे.

शब्द एकटा शिकायचाच नाही, त्याचं अख्खं खानदान एकदम बोलवायचं, हे तुमचं वाक्य डोक्यात पक्कं बसलंय. साइनमधला जी मुका वाटतो ना, मग शेजारी सिग्नल आणि सिग्नेचर लिहा, तिथे तोच जी खणखणीत ऐकू येतो. बॉम्बचा शेवटचा बी बॉम्बार्डमध्ये बोलतो, मसलचा सी मस्क्युलरमध्ये. आणि दोनवाला टू, त्यात डब्ल्यू काय करतोय हा प्रश्न मला शाळेपासून पडलेला, तुम्ही नुसतं ट्वाइस, ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन असं एकाखाली एक लिहिलंत आणि माझ्याकडे बघत बसलात, काही बोललाच नाहीत! जुन्या इंग्रजीत टूचा डब्ल्यू खरंच उच्चारायचे हे मग सांगितलंत.

हील आणि हेल्थचंही तसंच, ईए जागेवरच, आवाज तेवढा आखडतो. म्हणजे स्पेलिंग नातं सांभाळतं आणि उच्चार आपल्या वाटेनं जातो, हे एकदा दिसलं की पाठांतर निम्मं कमी होतं खरंच.

तरी सगळं इतकं सरळ नाही हेही तुम्ही लपवलं नाहीत, ते मला जास्त आवडलं. डाउट फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता, पंडितांनी लॅटिन बघून मागाहून घातला. निदान तिथे ड्यूबियसशी (dubious, म्हणजे शंकास्पद) नातं तरी खरं आहे, आयलंडमधला एस तर आइल (isle, म्हणजेही बेटच) बघून उगाच चिकटवलाय, दोघांचं मूळच वेगळं. (या पंडितांना कोणीतरी आवरायला हवं होतं!)

बोलताना सगळ्यात कामाला आलं ते फोटोग्राफचं. फोटोग्राफमध्ये जोर फो वर, फटॉग्रफरमध्ये टॉ वर, फोटोग्राफिकमध्ये ग्रॅ वर. हे कुठल्याच क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं मला.

आता नाउन-व्हर्बचा तक्ता भरतेय. अराइव्हचं अरायव्हल, परफॉर्मचं परफॉर्मन्स, डेव्हलपचं डेव्हलपमेंट, इन्फॉर्मचं इन्फर्मेशन, कुणाला कुठली शेपटी लागणार काही अंदाजच येत नाही, तुमच्याकडे याची काही युक्ती असेल तर प्लीज सांगा, नसेल तर पाठ करते, काय करणार.

खूप खूप थँक्यू ताई.

तुमचीच,
सारखे प्रश्न विचारणारी