अंगठा उमटत नाही म्हणून रेशन नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या शेजारच्या काकू सत्तरीच्या पुढच्या, सगळं आयुष्य खुरपणी आणि धुणीभांड्यात गेलं, बोटांवरच्या रेषा पार झिजल्यात. परवा त्यांच्याबरोबर रेशन दुकानात गेलो तर मशीनवर अंगठाच लागेना, पदराने पुसून पुसून दहाही बोटं लावून झाली, शेवटी दुकानदार म्हणाला उद्या या. उद्या काय वेगळं होणार होतं?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य हा त्यांचा हक्क आहे, आणि बायोमेट्रिक जुळलं नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. ओटीपीचा पर्याय आहे पण काकूंकडे मोबाइलच नाही. मशीनला माझा विरोध नाही, काळाबाजाराला आळा बसायलाच हवा, पण मशीन अडलं तर वहीत नोंद करून, साक्षीदाराची सही घेऊन धान्य देऊन टाका ना! आणि पुरवठा विभागाने हा नियम प्रत्येक दुकानाबाहेर मोठ्या अक्षरात लावावा.

काकूंनी रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि गप घरी आल्या, मला ते बघवलं नाही.

– एक वाचक