शून्य कोड म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डिजिटल नोंदींच्या जतनाविषयी लिहिताना, डिस्कवरची फाइल चुंबकीय टेपवर उतरवली की काम संपले, असे बहुधा गृहीत धरले जाते. मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर अनेक वर्षे रात्रपाळी केलेल्या माझ्यासारख्याला हे गृहीतक घातक वाटते.

आयबीएमच्या मेनफ्रेमवर आयडीकॅम्स या फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रामची रिप्रो ही कमांड जेमतेम एका ओळीची असते. कोठून वाचायचे आणि कोठे लिहायचे एवढे सांगितले की ती डिस्कवरून टेपवर, टेपवरून डिस्कवर रेकॉर्ड, म्हणजे फाइलमधल्या एकेक नोंदी, निमूटपणे नेते. साधी क्रमवार फाइल रिकामी असली, तर तिची रिकामीच प्रत करून ती शून्य कंडिशन कोड, म्हणजे काम बिनचूक झाल्याची खूण, देते, कारण तिच्या लेखी काहीच चुकलेले नसते.

मी काम करत होतो तेथे एका फाइलचे नाव बदलले, पण ती टेपवर उतरवणाऱ्या रोजच्या कामात, म्हणजे जॉबमध्ये, जुनेच नाव राहिले आणि त्या नावाची रिकामी फाइल डिस्कवर तशीच पडून होती. जॉब रोज रात्री शून्य कोडने संपत राहिला. पुढे जागा हवी म्हणून खरी फाइल काढून टाकली गेली आणि मग टेप कोऱ्या निघाल्या. किती रेकॉर्ड उतरली हे सांगणारी ओळ रोजच्या छापील अहवालात होती, तिच्यात रोज ० हाच आकडा उमटत होता. आम्ही सगळे फक्त कोड पाहत होतो. कागदोपत्री नोंदींवरून ती माहिती पुन्हा भरणाऱ्या सहकाऱ्यांचे हाल मी विसरलेलो नाही.

ब्लॉकच्या, म्हणजे टेपवर एकदम लिहिल्या जाणाऱ्या रेकॉर्डांच्या गठ्ठ्याच्या, आकाराकडेही असेच दुर्लक्ष होई. इंचाला १६०० बाइट मावणाऱ्या जुन्या रिळावर ८० बाइटचे रेकॉर्ड ०.०५ इंच जागा घेते आणि दोन ब्लॉकांमधली मोकळी जागा ०.६ इंच असते; रेकॉर्ड सुटी, म्हणजे एका ब्लॉकमध्ये एकच, लिहिली तर टेप बहुतांशी कोरीच जाते, रिळे वाढतात, आणि त्यांतले एक हरवले तरी प्रत अपुरी राहते.

म्हणून फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रामने मोजलेली, टेपवर उतरवताना आलेली आणि टेप पुन्हा चढवून वाचताना आलेली, अशा तिन्ही रेकॉर्डसंख्या जुळल्याशिवाय मूळ फाइल काढून टाकण्याचा जॉब चालवू नये, ही अट जतनाच्या प्रत्येक करारात लेखी असावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त संगणक परिचालक