रिपोर्टचा फोटो पाठव

मिरज, रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

एसटी हलली तेव्हा तू खिडकीतून हात केलास, मी केला नाही. तुझी पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली होती, तिच्याकडे बघत उभा राहिलो. राग नव्हता. राग शुक्रवारी रात्री होता. तुझ्या तुळजापूरच्या शिक्षणावरून "नेतृत्व काय वर्गात बसून शिकतात का?" असं बोललो ते चुकलंच. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी फक्त भाजी कुठली आणायची एवढंच बोलते.

भांडण पुढे चालवायला हे पत्र नाही. आणि हिमोग्लोबिनबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीरक्रियाशास्त्रात, एम.एस्सी. झालेली आपल्या घरातच काय, गल्लीतही तू पहिली. मी त्याच विषयाच्या विभागात एकतीस वर्षं अटेंडंट होतो. बेडकांचे ट्रे धुतले, स्नायूच्या हालचालीच्या रेघा उमटवायच्या फिरत्या ड्रमवर कागद चढवले, त्यावर काजळी धरली. पोरगी तो विषय पुस्तकातून शिकली, याचं मला काय वाटतं ते तुला कधी सांगितलं नाही. ट्यूटरची जागा समोर दिसत असताना तू तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा फॉर्म भरलास, तेव्हा पोटात गोळा आला तो त्यामुळे. संस्था १९३६ची आहे, म्हणजे काल उघडलेलं दुकान नाही, एवढं मी वाचलंय. तरी माहितीपत्रकात 'बदल' हा शब्द पानोपानी बघून मला हसू आलं. आपल्याकडे अटेंडंटची बदली व्हायची, तेवढाच बदल मला माहीत.

तू त्या रात्री गडचिरोलीच्या बंग डॉक्टरांचं सांगितलंस. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असलं की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा, हे तुझ्या पुस्तकातलं. पण ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही तिनं काय करायचं? तिच्या हातात वाळूचं घड्याळ आणि मणी दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे गावातल्याच बायका शिकून घरोघरी गेल्या, ३९ गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि १९९९मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तू म्हणालीस, "बाबा, श्वास मोजायला मला तीन वर्षं शिकवलं. ते मणी कसे सुचतात, बायका त्यावर विश्वास का ठेवतात, हे कुणी शिकवलं नाही. ते शिकायला जातेय." मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आवाज चढवला.

पण मनू, खेड्यापाड्यांत फिरायचं म्हणजे उन्हात चालायचं, वेळी-अवेळी खायचं. मार्चमध्ये हिमोग्लोबिन मोजायची साहलीची जुनी नळी काढून मीच तुझ्या बोटाला टोचलं होतं, आठवतं ना? आम्लात रक्त घालून दहा मिनिटं थांबलो, मग पाणी एकेक थेंब सोडत होतो. रंग जुळायला नेहमी किती थेंब लागतात ते माझ्या हाताला माहीत आहे. तुझा फार लवकर जुळला. ८.८. वाटलं नळी जुनी झाली, डोळे जुने झाले. लॅबच्या मशीनवर ८.६ आलं. बाईमाणसाला १२ तरी हवं हे तुला मी सांगायचं का? आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, हे मलाच ऐकवतेस, आणि स्वतः त्यांच्यात जाऊन बसतेस!

लोहाची गोळी दुधाबरोबर घेऊ नकोस. चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी नको. लिंबू पिळत जा. शी काळी झाली म्हणून घाबरून बंद करू नकोस, मागच्या वेळी तेच केलंस. नवरात्र तिथे फार मोठं असतं, मैत्रिणी धरतील म्हणून तूही उपास धरू नकोस. आईसाहेबांना मी इथून नारळ वाढवीन, त्या काही म्हणणार नाहीत.

झालं, लिहायचं नाही म्हणता म्हणता लिहिलंच. रागावू नकोस. तुझ्या वेळी तुझ्या आईचं सहाच्या खाली गेलं होतं. दोन बाटल्या चढवल्या, त्यातली एक तात्यांची. म्हणून तात्यांशी काही झालं तरी आपण बोलणं सोडलं नाही. त्या रात्री वॉर्डाबाहेर बसून मी आकडे मोजत होतो, ती खोड अजून गेली नाही.

काल तुझं कपाट आवरताना तो कागद सापडला. तू दुसरीत होतीस, शाळेला सुट्टी म्हणून तुला विभागात आणलं होतं. सकाळपासून बारा ड्रमना काजळी धरून ठेवली होती, दुपारी पोरांचं बेडकाच्या स्नायूचं प्रॅक्टिकल. मी बर्फ आणायला गेलो तेवढ्यात तू एका ड्रमवर बोटानं नाव लिहिलंस. काळ्यावर पांढरं, 'म'चा दांडा सोडून. मला घाम फुटला. मॅडम आल्या, बघितलं, म्हणाल्या, "पुसू नका, वार्निश करा." स्नायू थकत गेला की रेघा कशा बुटक्या होत जातात ते पोरांना दाखवायचा तो ड्रम होता, त्या दिवशी अकराच ड्रमवर काम भागवलं. पुढे बेडूक बंद झाले, सगळं कॉम्प्युटरवर आलं, ड्रम भंगारात गेले. कागद राहिला. कडा तुटायला लागल्यात, पोस्टानं पाठवत नाही.

बाटली सोलापूरला जाणाऱ्या कुणाकडे तरी देतो. आईनं तिळाची चटणी केलीय, तीही.

पंधरा तारखेला मागच्या तपासणीला तीन महिने होतात. तिथल्या दवाखान्यात रक्त तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो पाठव. आकडा काहीही असू दे, आधी मला सांग, आईला नंतर.

तुझा,
बाबा