त्या रात्री चाक बदलून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावरच लिहितोय. नदीकाठच्या मुक्कामी भर पावसात ज्याच्या गाडीचं मागचं चाक बसलं होतं, तो मी. माझ्या हत्यारांच्या पेटीत तेव्हा पाणी साचलं होतं. पक्कड गंजून मिटलेली, व्हीलपाना नटावरून निसटत होता आणि गाडीत मुलं झोपलेली.

तुम्ही काही न बोलता कॅनव्हासची गुंडाळी उलगडलीत. प्रत्येक पान्याला आपला कप्पा. अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून तुम्ही १९ चा पाना काढलात, ते अजून डोळ्यांसमोर आहे. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल केलेत, चिखलात जॅक रुतू नये म्हणून खाली लाकडी फळी सरकवलीत. वीस मिनिटांत गाडी उभी होती.

पण खरे आभार दुसऱ्या दिवशी सकाळचे. माझी कुऱ्हाड हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "दांडा हलतोय म्हणून पाण्यात भिजवता ना?" मी हो म्हणालो. भिजल्यावर लाकूड फुगतं, पण लोखंडात जागा नसल्याने त्याचे तंतू चेपतात आणि वाळलं की दांडा आधीपेक्षा ढिला होतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर नवी पाचर ठोकली. दांड्याला जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, एक वाळल्यावर दुसरा. तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं, ही तुमची ताकीद लक्षात होती. फडकं उघड्यावर पसरून वाळवलं.

धार मात्र लगेच जमली नाही. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे आणताना उचलायची, एवढंच तर होतं, पण हात ऐकत नव्हता. तिसऱ्या रविवारी पात्याच्या पलीकडच्या अंगाला अंगठा आडवा फिरवला, तर बारीक खरखर लागली. धार काठापर्यंत पोचल्याची खूण म्हणून तुम्ही सांगितली होतीत तीच. मग बाजू पालटली, शेवटी दगडावर ती खरखर उतरवली. ग्राइंडरला अजून हात लावलेला नाही. पातं तापून निळं पडलं की पोलाद नरम होतं, हे तुम्ही दोनदा बजावलं होतं.

आता कुऱ्हाड चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने पडून राहत नाही. चामडं ओल धरतं, त्यामुळे म्यान फक्त प्रवासापुरतं. मुक्कामाहून परतलो की सामान उतरवण्याआधी हत्यारं पुसतो, बिजागरीत तेलाचा थेंब सोडतो, गुंडाळी रात्रभर उलगडी ठेवतो. पेटी मागच्या सीटला टेकवून खालीच पट्ट्याने आवळतो. करकचून ब्रेक लागला तर सुटी हातोडी पुढच्या माणसाच्या डोक्यापर्यंत येते, हे मुलांनासुद्धा पाठ झालंय.

तुमची ती फळी गडबडीत माझ्याच गाडीत राहिली. तिलाही तेल लावून ठेवलंय. दर मुक्कामाला सोबत नेतो. कधी तुमची गाडी दिसली, तर आधी ती परत करीन.

तुमचा ऋणी,
मागच्या चाकवाला