आधी टेबल दाखवा, मग करामती

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फोटोशॉपवर लेखमाला सुरू झाली, हे बरं झालं. पहिले तीन लेख मी पेपर कीबोर्डशेजारी पसरून, एकेक वाक्य करून बघत वाचले. फिकं आकाश निळं करा, चेहरा उजळा, मागची माणसं पुसा, असे ते तीन लेख. पण प्रोग्रॅम उघडल्यावर समोर जे दिसतं त्यात काय कुठे असतं, याबद्दल एक ओळ नाही.

मी तीस वर्षं डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत काढली. तिथे नव्या पोराला पहिल्या दिवशी फोटो करायला देत नसत. टेबलावर डेव्हलपरचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचा ट्रे कुठे, चित्र पक्कं करणारा हायपो कुठे, चिमटे कुठे, हे दिवा चालू असताना हाताला पाठ करायचं आणि मगच दिवा बंद. निवृत्तीनंतर घरातले चिरा गेलेले जुने फोटो दुरुस्त करायला बसलो, तेव्हा मात्र हे सगळं विसरून मी थेट चिरांनाच भिडलो.

एका दुपारी बोट चुकून टॅबवर पडलं. डावीकडची टूल, उजवीकडची पॅनेल, सगळं गडप. पडद्यावर उरला नुसता फोटो. प्रोग्रॅम काढून नव्याने टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, पुन्हा टॅब दाबा बघू." दाबलं, सगळं जागच्या जागी. पॅनेल इकडेतिकडे भरकटली तर विंडो मेनूत वर्कस्पेसमध्ये जाऊन घडी पूर्वीसारखी बसवता येते, हेही तिच्याकडूनच कळलं.

खरी फजिती मास्कने, म्हणजे फोटोचा हवा तो भाग झाकणाऱ्या सोयीने केली. लाल रंग निवडावा तर टूलच्या पट्टीतल्या रंगाच्या चौकोनात राखाडी येई. निळा घेतला, तोही राखाडीच. अर्धा तास मी मॉनिटरला दोष देत होतो. शेवटी लेयर पॅनेलमध्ये (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) नीट निरखून पाहिलं. लेयरच्या ओळीत दोन छोटी चित्रं होती, एक फोटोचं आणि एक मास्कचं, आणि बारीक चौकट होती मास्कच्या चित्राभोवती. मास्कला रंग कळतच नाहीत. पांढरं म्हणजे दाखव, काळं म्हणजे झाक, मधलं राखाडी म्हणजे अर्धवट. फोटोच्या चित्रावर एक क्लिक केलं आणि लाल रंग आला. ही केसाएवढी चौकट आधी कुणी दाखवली असती तर दुपार वाचली असती. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची, तिच्यात लेयर नव्हते. ते १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आले. आज मात्र कुठलंही काम करण्याआधी माझी नजर त्या पॅनेलकडे जाते.

टूलच्या पट्टीत एक ओळखीचं भेटलं, तेही सांगतो. डॉजचं चिन्ह म्हणजे काडीवरची काळी चकती. आम्ही तारेला पुठ्ठ्याची चकती चिकटवून एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राच्या उजेडात हलवत असू, फोटोचा तेवढा भाग उजळ राहावा म्हणून, तीच ही. बर्न याच्या उलट, तेवढा भाग गडद करणारं; त्याचं चिन्ह म्हणजे बोटांची पोकळी केलेला हात. ज्या चिन्हाच्या कोपऱ्यात टिकलीएवढा त्रिकोण असतो, त्याच्याखाली आणखी टूल दडलेली असतात; बटण दाबून धरलं की बाहेर येतात. बर्न मला असंच डॉजखाली सापडलं.

फुकट मिळणाऱ्या गिम्प या अशाच प्रोग्रॅमवरही एखादा लेख यावा. त्यात पूर्वी टूल, फोटो आणि लेयर वेगवेगळ्या खिडक्यांत पसरत. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून ते एकाच खिडकीत ठेवता येतं. लेयर, मास्क आणि टॅबची गंमत तिथेही तशीच.

विनंती एवढीच, की एक पूर्ण लेख नुसत्या खिडकीच्या ओळखीसाठी द्या, चित्र मोठं छापा आणि बाण काढून नावं लिहा. नावं मेनूत आहेत तीच, देवनागरीत. दुसऱ्या लेखात 'स्तर निवडा' असं होतं. मी सगळे मेनू पालथे घातले, स्तर कुठेच नाही; तिथे त्याचं नाव लेयर. आणि तिसऱ्या लेखातलं चित्र उजवीकडून कापलंय, नेमकं लेयर पॅनेलच गेलंय. ते पुढच्या रविवारी पूर्ण छापता आलं तर बघावं.

आपला,
एक जुना डार्करूमवाला