डिटेक्टर गप्प करता येतो, पण मग तो ऐकणार काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचं पत्र होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या चलनांना वैतागून त्यांनी मुलाकरवी अमेरिकेतून रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल देणारी डबी, मागवला, काचेला लावला आणि ‘पोलीस दिसण्याआधीच कळतं’ म्हणून इतरांनाही तो घ्यायचा सल्ला दिला. माझं लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीचं दुकान आहे. वडील रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडायचे, मी गाड्यांचे कॅमेरे, रिव्हर्स सेन्सर आणि इन्व्हर्टरचे बोर्ड उघडते. मधूनअधून हे डिटेक्टरही येतात. बंद पडलेला फारसा कुणी आणत नाही. चालू असलेलाच आणतात आणि म्हणतात, ‘ताई, हा सारखा बोंबलतो, जरा गप्प करून द्या.’

तो का बोंबलतो हे त्या गृहस्थांनी आधी समजून घ्यावं.

पोलिसांची रडारगन ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या मायक्रोवेव्ह लहरी गाडीवर सोडते. गाडी समोरून येत असेल तर आपटून परतणाऱ्या लहरीची फ्रिक्वेन्सी किंचित वाढलेली असते. माटुंगा रोडच्या फलाटावर उभं राहिलं की न थांबता जाणाऱ्या फास्ट लोकलचा भोंगा येताना चढा आणि पुढे गेल्यावर उतरलेला ऐकू येतो, तोच हा डॉप्लरचा नियम. १८४२ सालचा आहे. २४.१५ गिगाहर्ट्‌झच्या गनला गाडीच्या ताशी एका किलोमीटरमागे साधारण ४५ हर्ट्‌झचा फरक मिळतो. म्हणजे ताशी ८० ने येणारी गाडी जवळजवळ ३,६०० हर्ट्‌झची. तो फरक स्पीकरला जोडला तर सरळ शिट्टीच ऐकू येईल.

डिटेक्टर यातलं काहीच मोजत नाही. तो फक्त ऐकतो. त्याच्यात एक छोटा कर्ण्यासारखा अँटेना असतो आणि एक लोकल ऑसिलेटर, म्हणजे आतल्या आत स्वतःची एक लहर तयार करणारं सर्किट. येणारी लहर आणि आतली लहर एकत्र मिसळायची आणि दोघींच्या फरकाची फ्रिक्वेन्सी तपासायची. वडिलांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत हीच युक्ती होती, इथे ती गिगाहर्ट्‌झमध्ये आहे इतकंच. पोलीस रडारचे मुख्य पट्टे (बँड) तीन: एक्स म्हणजे १०.५२५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, के म्हणजे २४ च्या थोडं वर आणि केए म्हणजे ३३.४ ते ३६. या पट्ट्यांवरून डिटेक्टर सतत फिरत राहतो आणि काही कानावर आलं की बीप देतो.

त्याला गनच्या आधी कळतं ते का, याचं गणित मात्र मजेशीर आहे. गनच्या लहरीला गाडीपर्यंत जाऊन परत यायचं असतं, डिटेक्टरला ती एकेरी प्रवासातच मिळते. अंतर दुप्पट झालं की गनकडे परतणारा सिग्नल सोळाव्या हिश्शावर येतो, डिटेक्टरकडे पोचणारा चौथ्या हिश्शावर. त्यामुळे मोकळ्या सरळ रस्त्यावर पोलिसाला तुमचा वेग दिसण्याच्या बऱ्याच आधी डिटेक्टरला पोलीस ऐकू येतो. अमेरिकेतल्या लांबलचक हायवेवर हे यंत्र खपतं ते म्हणूनच.

पण इतका तिखट कान ठेवला की त्याच पट्ट्यातलं बाकीचं सगळंही ऐकू येतं. आमच्या गल्लीत एचबी-१०० नावाचं एक छोटं सेन्सर मॉड्यूल दोन-चारशे रुपयांत मिळतं. आपोआप उघडणारं दार, माणूस आला की पेटणारा दिवा, चोरघंटा अशा कामांसाठी मुलं ते नेतात. त्याची फ्रिक्वेन्सी १०.५२५ गिगाहर्ट्‌झ. पोलिसांच्या एक्स बँडवरच. दुकानात ते चालू करून शेजारी डिटेक्टर ठेवला की डिटेक्टर लगेच ओरडायला लागतो, आणि गिऱ्हाइकाला दहा मिनिटं समजावून जे कळत नाही ते दहा सेकंदांत कळतं. शोरूमच्या आणि मॉलच्या काचेच्या दारांवर असलेले बरेच सेन्सर २४ गिगाहर्ट्‌झचे, म्हणजे के बँडचे असतात. शोरूमनी भरलेल्या लिंकिंग रोडवरून डिटेक्टर लावलेली गाडी नेली तर काय होईल, ते सांगायला नको.

याच मॉड्यूलची एक गंमत सांगते, कारण पुढे तिचा संबंध आहे. माणूस ताशी पाचच्या चालीने त्याच्याकडे आला की साधारण ९८ हर्ट्‌झचा सिग्नल मिळतो. आणि आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर जुन्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. ट्यूबमधला वायू त्या तालावर मायक्रोवेव्ह परतवतो. म्हणून नुसत्या ट्यूबखाली ठेवलेल्या सेन्सरला वाटतं, कुणीतरी चालत येतंय. खोलीत चिटपाखरू नसतं, पण सोप्या सर्किटवर वेग ताशी पाच दिसतो. वेग मोजणारं यंत्रसुद्धा फसतं ते असं.

अलीकडे सगळ्यात जास्त त्रास शेजारच्या गाड्यांचा. बाजूला गाडी आली की आरशात पिवळा दिवा लागतो ना, त्यासाठी मागच्या बंपरमध्ये रडार असतं आणि कित्येक गाड्यांत ते २४ गिगाहर्ट्‌झचं असतं. पुढची गाडी पाहून आपोआप वेग धरणारं रडार बहुधा ७६-७७ गिगाहर्ट्‌झवर चालतं, त्याचा उपद्रव नाही. पण सायनच्या सिग्नलला चार नव्या एसयूव्ही आजूबाजूला उभ्या राहिल्या की डिटेक्टरला चार पोलीस दिसतात. आणखी एक: डिटेक्टरचा स्वतःचा ऑसिलेटरही थोडा बाहेर पाझरतो, त्यामुळे एक डिटेक्टर दुसऱ्याला घाबरवू शकतो. अमेरिकेत व्हर्जिनियात डिटेक्टरला बंदी आहे, आणि असा पाझर पकडून लपवलेला डिटेक्टर शोधणारी यंत्रंही निघाली आहेत. चोरावर मोर म्हणतात तसं.

आता हे खोटे इशारे कमी कसे करतात? चांगल्या कंपन्यांनी यावर खरंच डोकं लढवलंय, ते नाकारण्यात अर्थ नाही. पोलिसांची गन चालू असताना एकाच फ्रिक्वेन्सीवर ठाम राहते. बंपरमधलं रडार बहुतेक वेळा आपली फ्रिक्वेन्सी झपाट्याने खालीवर सरकवत असतं, अंतर मोजायला त्याला तसं करावंच लागतं. डिटेक्टरमधला प्रोसेसर ही सरकण्याची लकब ओळखतो आणि तो सिग्नल सोडून देतो. केए पट्टा मोठा असला तरी तिथल्या गन ३३.८, ३४.७ आणि ३५.५ च्या आसपास एकवटलेल्या असतात, म्हणून फक्त तेवढेच तुकडे ऐकायला सांगता येतं. एक्स बँड अमेरिकेत आता क्वचितच वापरात आहे, तो बहुतेक जण बंदच ठेवतात. आणि जीपीएस असलेलं यंत्र जागा लक्षात ठेवतं: अमुक चौकात, अमुक फ्रिक्वेन्सीवर, येता-जाता दर वेळी सिग्नल येतोय म्हणजे तो दाराचा सेन्सर. सोसायटीचा वॉचमन रोजच्या दूधवाल्याला हटकत नाही, तसं मग ते तिथे तोंड उघडत नाही. पण त्याच जागी वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल आला तर ओरडतं. हा भाग मला मनापासून आवडतो.

पण प्रत्येक गाळणीची किंमत मोजावी लागते. सिग्नल खरा की खोटा हे ठरवायला प्रोसेसरने एक सेकंद घेतला, तर ताशी १०० ने जाणारी गाडी तेवढ्यात २८ मीटर पुढे गेलेली असते. गन हातात बंद ठेवून गाडी जवळ आल्यावरच ट्रिगर दाबणारा पोलीस असेल, तर हा एक सेकंद म्हणजे सगळंच. आणि मुंबईत तर या युक्त्याही लंगड्या पडतात. मेट्रोच्या पुलाखाली आणि लोअर परळच्या टॉवरांमध्ये जीपीएस जागा चुकवतं. ठरावीक वेगाखाली आवाज बंद ठेवायची सोय असते. ती लावली की आमच्याकडे यंत्र दिवसभर मुकंच राहतं, कारण त्या वेगाच्या वर जायला रस्ता कुठे मिळतो? ‘गप्प करून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एक्स बंद, के अर्धा बंद आणि आवाज खाली करून देऊ शकते. ते खूश होऊन जातात. गाडीत मग काचेला चिकटवलेली एक काळी डबी उरते.

तरीही मोकळ्या रस्त्यावर ती उपयोगी पडेल, असं ते गृहस्थ म्हणतील. तिथेच खरी मेख आहे. आपल्याकडे पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतून, म्हणजे वेग तपासणाऱ्या गस्तीच्या गाडीतून, रोखलेली गन लेझरची असते. ती डोळ्याला न दिसणाऱ्या ९०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाचे झटके सोडते, ते परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढते आणि अंतर किती झपाट्याने घटतंय त्यावरून वेग. रडारचा १२ अंशांचा झोत २०० मीटरवर ४० मीटर पसरतो; लेझरचा ठिपका ३०० मीटरवर जेमतेम एक मीटरचा. पोलीस तो नंबरप्लेटवर धरतो. काचेवरच्या डिटेक्टरला कदाचित स्पर्शही होत नाही, आणि झालाच तर बीप वाजेपर्यंत आकडा नोंदलेला असतो. द्रुतगती मार्गावर तर सरासरी वेगही मोजतात. रस्त्यावरच्या दोन कमानींवरच्या कॅमेऱ्यांनी नंबरप्लेट वाचायची, मधलं अंतर वेळेने भागायचं. समजा अंतर १० किलोमीटर. ६ मिनिटं लागली तर वेग १००, ५ मिनिटांत आलात तर १२०. कमानीपाशी ब्रेक मारून उपयोग नाही आणि या भागाकारात डिटेक्टरने ऐकावं असं काही नसतंच. चार-पाचशे डॉलर देऊन लोक हे आणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये मोटारीला अतिवेगाचा दंड १,००० ते २,००० रुपये आहे.

त्यांची दुसरी तक्रार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ‘माझा वेग तेवढा नव्हताच’ असं त्यांनी लिहिलं आहे. असं होऊ शकतं. एका जागी थांबलेली गन तिरक्या कोनातून रोखली तर वेग उलट कमी दिसतो, २० अंशांवर १०० चा ९४, त्यात चालकाचा फायदाच. पण रडारचा रुंद झोत तिन्ही मार्गिकांवर पडतो आणि छोट्या गाडीमागून येणाऱ्या ट्रकचा प्रतिध्वनी जास्त जोरकस असतो. आकडा कुणाचा, हे मग चालवणाऱ्याच्या नजरेवर. ट्यूबलाइटला चालणारा माणूस समजणाऱ्या सेन्सरचा किस्सा मघाशी एवढ्यासाठीच सांगितला. त्यामुळे यंत्र नियमित तपासलेलं असणं गरजेचं. रडारगन तपासायची जुनी पद्धत शाळेतल्या नादकाट्याची आहे: ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा काटा टिचकी मारून गनसमोर धरायचा आणि ठरलेला वेग दिसतो का ते बघायचं.

आपल्याकडे यासाठी आता नियम आहेत आणि ते लोकांना ठाऊक नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. वेग टिपणाऱ्या यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र हवं, त्याचं दर वर्षी नूतनीकरण हवं, आणि अशी यंत्रणा असलेल्या रस्त्यावर आधी ठळक सूचनाफलक हवा. नोटिशीसोबत गाडीचा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण द्यायचं असतं. त्यावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने वैध मापनाच्या नियमांत रडार वेगमापक आणले; १ जुलै २०२५ पासून अशा यंत्राची पडताळणी होऊन त्यावर शिक्का असणं बंधनकारक आहे. भाजीवाल्याच्या काट्यावर आणि टॅक्सीच्या मीटरवर वजनमापेवाल्यांचा शिक्का असतो, त्याच रांगेत आता पोलिसांचं रडार आलं.

म्हणून वाहतूक विभागाला माझी एकच विनंती आहे. ई-चलनावर फोटो आणि वेग तुम्ही छापतच असता, त्याच्या खाली यंत्राचा क्रमांक आणि शेवटच्या पडताळणीची किंवा प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची तारीख या दोन ओळी छापाव्यात. रडार असो, लेझर असो की कमानीवरचा कॅमेरा, सगळ्यांसाठी. ही माहिती नियमाप्रमाणे दफ्तरात असायलाच हवी, नव्याने काही गोळा करावं लागणार नाही. आणि घाटाच्या अलीकडचे, झाडाच्या फांदीआड गेलेले सूचनाफलक पावसाळ्यानंतर एकदा मोकळे करावेत.

पत्रलेखक गृहस्थांनी डिटेक्टर दुकानी आणला तर एक्स बँड बंद करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
एक दुरुस्ती कारागीर, लॅमिंग्टन रोड, मुंबई

(कृपया नाव छापू नये. डिटेक्टर विकणारे निम्मे लोक माझ्याच गल्लीत बसतात.)